डाव्या पायाचं लायसन

माझं मोटारीचं लायसन त्या वर्षी, म्हणजे चौसष्ट साली, मे महिन्याच्या एकतीस तारखेला संपत होतं, आणि माझा डावा पाय त्याच्याही आधी संपायच्या बेतात होता. दोघांपैकी लायसन तेवढं नवं करून मिळतं हे ठाऊक असल्यामुळे मी त्याच्या मागे लागले. काम अर्ध्या तासाचं. अर्ज भरायचा, शिक्का घ्यायचा, घरी यायचं. त्या अर्ध्या तासाला माझे एकोणीस दिवस, चार वाळ्याचे पडदे, बर्फाची एक अख्खी लादी आणि एका सरकारी अधिकाऱ्याची थोडीफार अब्रू लागली.

आधी पायाचं सांगते, उगाच गैरसमज नको. तो मोडलेला नाही, वाळलेला नाही. दिसायला उजव्यापेक्षा बराच नीटस आहे. फक्त मनात येईल तेव्हा कामावर येतो. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांनी मला गरम पाण्याच्या टबात वीस मिनिटं बसवलं आणि म्हणाले, "आता उठा." मला उठता येईना. मी रडकुंडीला आलेली आणि डॉक्टर मात्र खुशीत. "वाटलंच होतं मला," म्हणाले. आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. मेंदूपासून अंगभर ज्या तारा जातात त्यांच्यावरचं वेष्टण जागोजागी झिजतं, आणि अंग तापलं की मेंदूचा निरोप पायापर्यंत पोचत नाही. औषध? नाही. पुढे काय होईल? सांगता येत नाही. मग मी करायचं काय? "थंड ठिकाणी राहा." मी अमरावतीत राहते, हे त्यांनी स्वतःच्या हाताने कागदावर लिहून घेतलं होतं.

आमचा मळा मोर्शीच्या रस्त्यावर. शेवंती, झेंडू, वांगी, कोथिंबीर आणि दोनशे संत्र्यांची झाडं. यजमान केशवराव शाळेत ड्रॉइंग मास्तर. ते जीपचं चित्र असं काढतात की धूळ उडाल्यासारखी वाटावी, पण स्टिअरिंगला हात लावायचा म्हटलं की ते पेन्सिलींना टोक करायला बसतात. म्हणून गाडी मी चालवते. लढाईतली डिस्पोजलची जीप, उलट्या हाताची, म्हणजे चालवणारा डावीकडे बसतो. पहाटे पाचला फुलं-भाजी भरायची, सहाला बाजारात टाकायची, आठला घरी. पहाटे हवा गार असते आणि क्लच दाबणारा हा डावा पायही शहाण्यासारखा वागतो. लायसन गेलं तर जीप जाणार, जीप गेली तर मळा बटईने द्यावा लागणार, आणि मी ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी तब्येत सांगणार. मला यातलं शेवटचं काही केल्या नको होतं.

पण ओसरीवर बसायच्या आधीच तब्येतीची चौकशी सुरू झाली. शेजारच्या पार्बताबाई आल्या त्या गरम वाळूची पुरचुंडी घेऊनच. "अवं सत्यवती, वात हाय हा. शेक दे, शेक. माह्या नणदेचा असाच पाय होता, आता पळते!" मी बाईंचं मन मोडू नये म्हणून शेक घेतला आणि दोन दिवस खाटेवरून उठले नाही. मग मेथीचे लाडू आले, कढत तेल आलं, तव्यावर तापवलेली विटकर आली. आमच्या वऱ्हाडात आजारी माणसावर प्रेम करायचं म्हणजे त्याला तापवायचं, दुसरी रीत आम्हाला माहीत नाही. मी प्रत्येकीला नागपूरची टबाची गोष्ट सांगे. त्या शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "पाणी कमी गरम असन."

समोरचे महादेवराव शेक घेऊन आले नाहीत. ते कचेरीतून नाझर म्हणून पेन्शन घेतलेले गृहस्थ. ते आले, जीपभोवती एक चक्कर मारली, पुढच्या चाकाला पायाने एक ठोकर दिली आणि मग मला विचारलं, "पाय कसा हाय आता?" आधी चाक, मग पाय. हा क्रम माझ्या लक्षात राहिला.

"बरा हाय," मी म्हटलं.

"नाही, मी काय म्हणून राहिलो, लायसन गेल्यावर गाडी उभी ठेवसान तं टायर खराब होतीन. माणसानं वेळेवर इकून टाकावं. बाहेरचा गिऱ्हाईक कशाले? मी हावोच ना."

"लायसन जाऊन नाही राहिलं, भाऊजी."

"जाईनच ना. सरकार काही आंधळं हाय का?" असं म्हणून त्यांनी मागच्या चाकालाही एक ठोकर दिली.

त्या ठोकरीनंतर मी त्याच दिवशी अर्ज आणला.

माझं लायसन तसं अनुभवी. मध्यप्रदेशात जन्मलं, मुंबई राज्यात वाढलं आणि आता महाराष्ट्रात आलं होतं, ते सुद्धा आमच्या घरातल्या त्याच पत्र्याच्या डब्यात बसून. प्रत्येक राज्याने त्यावर आपापला शिक्का मारला होता. या वेळच्या अर्जात मात्र एक ओळ होती : अर्जदारास कोणताही आजार अगर व्यंग असल्यास नमूद करावे.

"कोरं सोड," यजमान म्हणाले. ते आयुष्यात कधी खोटं बोललेले नाहीत, म्हणजे बघा त्यांना किती भीती वाटली असेल.

"कोरं काहून सोडू? मी काय चोरी केली हाय?"

"चोरी नाही. पण साऱ्याइले सांगाची बी गरज नाही."

मी चौथीपर्यंत शिकले. पुढचं जे वाचलं ते फुलं बांधायला आणलेल्या रद्दीतून, त्यामुळे माझं ज्ञान सगळं फाटकं आहे, कुठे सुरुवात नाही तर कुठे शेवट नाही. पण कोरी ओळ दिसली की ती भरल्याशिवाय मला राहवत नाही. मी डॉक्टरांच्या चिठ्ठीतून एकेक अक्षर उतरवून आजाराचं नाव ठसठशीत लिहिलं.

ऑफिसातले कारकून शेषराव यांनी ते तीनदा वाचलं. मग कपाटातून एक जाड पुस्तक काढलं. त्यात ज्या आजारांना लायसन मिळत नाही त्यांची यादी होती. त्यांनी बोट लावून ती वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली.

"बाई, फेफरं हाय, वेड हाय, रातांधळेपण हाय, ठार बहिरेपण हाय. हा आजार नाही ना यादीत."

"मंग झालं तं! शिक्का मारा."

"असं कसं मारू? यादीत नाही म्हणजे सरकारले हा आजार मंजूर नाही. नामंजूर आजारावर मी शिक्का कसा मारू?"

"मंग तो खोडून टाकू का?"

"सरकारी कागदावर खाडाखोड चालत नाही."

त्यांना हो म्हणायची सोय नव्हती आणि नाही म्हणायला आधार नव्हता. शेवटी त्यांनी डॉक्टरचा फिटनेसचा दाखला मागितला. मी आमच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे सकाळी आठला गेले. त्यांनी मला चालवलं, बसवलं, गुडघ्यावर हातोडी मारली आणि म्हणाले, "फर्स्टक्लास." पण दाखला लिहायला पॅड संपलं होतं. दुपारी दीडला बाजारातून नवं पॅड आलं तेव्हा मी त्यांच्या पायरीवर भिंत धरून उभी. डॉक्टर प्रामाणिक निघाले, हीच मोठी अडचण. त्यांनी लिहिलं : सकाळी पूर्ण सक्षम.

शेषरावांनी तो दाखला उजेडात धरून पाहिला. "सकाळपुरतं लायसन द्याची सोय नाही बाई. साहेबच पाहतीन आता."

साहेब, म्हणजे मोटार इन्स्पेक्टर, अकोल्याला बसत आणि पंधरा दिवसांतून एकदा अमरावतीला येत. शेषरावांनी मला तारीख दिली एकोणीस मे, वेळ दुपारी बारा. मी म्हटलं, सकाळची द्या. ते म्हणाले, साहेबांची रेल्वे अकरानंतर येते, ती काही तुमच्या पायासाठी लवकर निघणार नाही.

एकोणीस मे, दुपारी बारा, अमरावती. त्या वेळी कुत्रीसुद्धा रस्ता ओलांडत नाहीत.

मी घरी येऊन पाण्याची घागर डोक्यावर रिकामी केली आणि तशीच ओसरीत बसले. तेवढ्यात बुधाजीभाऊ आले. बुधाजीभाऊंनी मला गाडी शिकवली. लढाईत ट्रक चालवायचे, आता सरकारी रोलर चालवतात. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आल्यापासून ते कोणाच्याही पाया पडत नाहीत आणि कोणाला पडूही देत नाहीत. पण माझा आजार त्यांनी अगदी खाली वाकून, इंजिन पाहावं तसा समजून घेतला.

"वयनी, इंजिन एक नंबर हाय. वायरिंग तापते तुमची. तापली का करंट जात नाही. बरोबर?"

"बरोबर."

"मंग रडून कायले राहिल्या? गाडी तापली तं आपुन गाडी मोडीत काढतो का? पाणी टाकतो."

यजमान उठून आत गेले. थोड्या वेळाने ठोकाठोकी ऐकू आली म्हणून मी पाहिलं, तर त्यांनी स्वतःच्या खोलीच्या खिडक्यांना लावलेले वाळ्याचे पडदे उतरवले होते आणि अंगणात उभे राहून, एक डोळा मिटून, पेन्सिलीने जीपचं माप घेत होते. त्या खोलीत ते मेच्या सुट्टीभर चित्रं काढतात. मी काही म्हणायला गेले तर म्हणाले, "तू गप बस. उजेड चांगला येते आता खोलीत."

एकोणीस तारखेला आमची जीप निघाली ती अशी : दोन्ही बाजूंना एकेक आणि मागे दोन असे वाळ्याचे ओलेचिंब पडदे, समोरची काच तेवढी उघडी. माझ्या डाव्या पायाखाली गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी. डोक्यावर ओला पंचा. मागे यजमान, मांडीवर मळ्यातली झारी, शेजारी पाण्याचे दोन डबे. ते दर मिनिटाला पडद्यांवर झारी धरत. आम्ही गेलो तिथे रस्त्यावर ओली रेघ उमटत होती. राजकमल चौकात एक म्हातारा आडवा आला आणि लोटा पुढे करून म्हणाला, "उसाचा रस हाय का कुल्फी?"

"लायसन हाय," मी म्हटलं, आणि पुढे गेले.

इन्स्पेक्टरसाहेब साताऱ्याकडचे, नुकतेच बदलून आलेले. त्यांचा वऱ्हाडातला हा पहिला उन्हाळा, आणि तो पत्र्याच्या छपराखाली चालला होता. चेहरा टोमॅटोसारखा, गळ्यात ओला रुमाल. त्यांनी जीप पाहिली आणि दोन पावलं मागे सरले.

"हा काय प्रकार आहे? वाहनाच्या रचनेत परवानगीशिवाय बदल?"

"पडदे हायेत साहेब. पडदे लावाले मनाई हाय का?"

त्यांनी शेषरावांकडे पाहिलं. शेषराव पुस्तकाकडे वळले. पडदे यादीत नव्हते.

"ठीक आहे," म्हणत साहेब माझ्या उजवीकडे चढून बसले. बसले आणि गळ्यातला रुमाल सोडला. वाळ्याचा गारवा आणि वास लागल्यावर माणसाचा चेहरा कसा सैल होतो ते मी पाहत होते. मी मैदानात आठाचा आकडा काढला, उलटी गाडी घेतली, पडद्याच्या फटीतून हात काढून खुणा केल्या. झालं, असं मला वाटलं. एरवी परीक्षा इथे संपते.

"जरा रस्त्यावर बघू," साहेब म्हणाले.

रस्त्यावर बघितलं. "अजून थोडं पुढे," साहेब म्हणाले. गाव मागे पडलं. "सरळच घ्या," साहेब म्हणाले, आणि त्यानंतर काही म्हणाले नाहीत. नागपूरच्या रस्त्याला लागून चारेक मैल झाले तेव्हा मागून यजमान कुजबुजले, "साहेब निजले."

मी तिरक्या नजरेने पाहिलं. हनुवटी छातीवर, मांडीवरच्या कागदावर पेन आडवं. आता सांगा, मी काय करायचं? थांबावं तर हुकमाशिवाय थांबली म्हणून लिहितील. उठवावं तर झोपेतून उठवलेला अधिकारी कोणाला पास करतो? मी चालवत राहिले. गुरुकुंज आश्रमाला निघालेल्या बैलगाड्या आडव्या आल्या, त्या हळूच ओलांडल्या, हॉर्नसुद्धा वाजवला नाही. आयुष्यात इतक्या हलक्या हाताने गाडी मी कधी चालवली नव्हती. कोणाचं लेकरू गाडीत निजलेलं असतानाही नाही.

बाराव्या मैलाला एक डबा संपला. सोळाव्याला दुसरा. लादीचं पाणी होऊन गेलं होतं. पडदे कोरडे पडले तशी आत झळ शिरली. आधी पायाला मुंग्या आल्या, मग रस्त्याचे दोन रस्ते दिसायला लागले, आणि मग पायाच्या जागी नुसता पाय उरला, माझा कोणी नव्हे असा.

"थांब," यजमान म्हणाले.

मला थांबायचं नव्हतं. दात ओठ खाऊन मी त्या पायाला शिव्या घातल्या, मनातल्या मनात, पण वऱ्हाडीत. शंभर हात तसेच गेले. मग समोरून एक बाई डोक्यावर मोळी घेऊन येताना दिसली. एक बाई, दोनदा. मी गिअर ओढून मोकळा केला, उजव्या पायाने ब्रेक दाबला आणि लिंबाच्या सावलीत गाडी उभी केली.

साहेब दचकून जागे झाले. "कुठे आलो?"

"मोझरीच्या अलीकडे."

"मोझरी! अहो, मला साडेचारची रेल्वे गाठायचीय बडनेऱ्याला! वळवा, वळवा लवकर."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"पाय गेला साहेब. अर्धा तास पाण्यात ठेवला का येते. तोवर मी गाडी चालवणार नाही."

"मी सांगतोय तरी?"

"तुमी सांगतलं तरी. तुमचं पायावर चालत नाही."

साहेबांनी मान हलवली. "बाई, वाईट वाटतं, पण हे तर उघड नापास झालं." मग त्यांनी मला यजमानांच्या हवाली केलं, स्वतः डावीकडे जाऊन बसले आणि गाडी सुरू केली. साहेबांचे दोन्ही पाय, दोन्ही डोळे शाबूत. पण उलट्या हाताच्या गाडीत ते कधी बसलेले नसावेत. गिअरसाठी त्यांचा डावा हात सवयीने बाहेर, पडद्याला लागला. दोनदा इंजिन बंद पडलं. तिसऱ्यांदा गाडी मागे गेली, चांगली जोरात गेली आणि मागची दोन्ही चाकं शेताच्या पाटात उतरली.

शेजारच्या विहिरीवर एक बाई पाणी धरत होती. जमुनाबाई तिचं नाव, ते मग कळलं. ती फावडं खांद्यावर टाकून आली, माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं.

"पाय हिचा गेला, अन् खड्ड्यात तुमी काहून गेले?" तिने साहेबांना विचारलं.

साहेब खाली उतरून मागची चाकं तपासायला गेले.

जमुनाबाईने मला धरून हौदाच्या काठावर बसवलं आणि माझे पाय पाण्यात सोडले. पाच मिनिटांनी साहेबांनी बूट काढले. मग यजमानांनीही धोतर वर घेतलं. आम्ही तिघं ओळीने पाय पाण्यात सोडून बसलो.

"नापास कशात झाली मी?" मी विचारलं.

"अहो, तुमचा पाय..."

"पाय गेला हे मले तुमच्या आधी समजलं, अन् मी गाडी सावलीत उभी केली. त्याच्या आधी अठरा मैल चालवली. त्याच्यात काय चुकलं ते सांगा."

साहेब पॅन्टची दुमड आणखी वर सरकवू लागले.

"सांगा ना."

"मी... पाहिलं नाही."

"काहून नाही पाहिलं ते मी कोणाले सांगणार नाही. ते सांगून मले लायसन नको. पण ज्या बाईच्या बाजूले तुमी चौदा मैल निवांत झोप घेतली, तिले गाडी चालवता येत नाही असं तुमच्या हातानं लिहिता येईन का, ते पाहा."

इथे यजमानांना वाटलं, आपणही बायकोच्या बाजूने दोन शब्द बोलावेत. "खरं हाय साहेब," ते म्हणाले. "मी बारा वर्षं हिच्या गाडीत बसून राहिलो. मले एकडाव बी झोप नाही आली."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते पाण्याकडे पाहू लागले.

साहेब हसले. आवाज न करता, खांदे हलवत हसले. आणि मग एकदम थांबून म्हणाले, "माझी आई अशीच होती. गुडघे गेले तरी विहिरीवर जायची. आम्ही कळशी काढून घेतली तिच्याकडून. बरं केलं असंच वाटायचं." मग त्यांनी ओंजळीने पाणी घेऊन तोंडावर मारलं. 

अर्ध्या तासाने अंगठा हलला. पाऊण तासाने घोटा. जमुनाबाईने डबे भरून दिले, झारी भरून दिली, एक भिजलेलं पोतं माझ्या पायाखाली स्वतः दाबून बसवलं. मी चारही चाकांचा जोर लावून जीप पाटातून वर काढली तेव्हा ती फावड्यावर हात टेकून म्हणाली, "साहेबाले मागं बसव माय, पुढं नको."

पण साहेब पुढेच बसले आणि बडनेऱ्यापर्यंत टक्क जागे राहिले. वाटेत दोनदा त्यांनी मागे हात करून यजमानांकडून झारी घेतली आणि आपल्या बाजूच्या पडद्यावर स्वतः पाणी मारलं. स्टेशनात शिरलो तेव्हा रेल्वेला दहा मिनिटं होती आणि माझ्या पायाला जेमतेम पाच.

साहेबांनी बॉनेटवर कागद ठेवला, हात भाजला म्हणून उचलला, आणि गुडघ्यावर ठेवून लिहू लागले. लिहिता लिहिता थांबले.

"एक वर्षाची शिफारस करतो. पुढच्या वर्षी पुन्हा पाहू."

"साऱ्याइले किती वर्षांचं देता?"

"तीन. पण बाई, तुमचा आजार असा आहे... तीन वर्षांनी काय परिस्थिती असेल, डॉक्टरसुद्धा सांगत नाहीत."

"नाहीच सांगत. म्हणूनच म्हणून राहिली. एकच वर्ष असं बी कोणी सांगतलं नाही. ज्या दिवशी पाय नाही म्हणन त्या दिवशी मी गाडी उभी करीन, आज केली तशी. ते मी पाहीन. तुमी तीन लिहा."

दूर सिग्नल पडला. प्लॅटफॉर्मवर हमालांची धावपळ सुरू झाली. साहेब माझ्याकडे पाहत राहिले. मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर पाहत होते, कारण त्यांच्याकडे पाहिलं असतं तर मला रडू आलं असतं, आणि रडणाऱ्या बाईला दया म्हणून तीन वर्षं मिळाली असती. मला दयेची नको होती.

त्यांनी लिहिलं, सही केली, कागद यजमानांच्या हातात दिला आणि बूट हातात घेऊन पळत सुटले.

रेल्वे गेली. स्टेशनाबाहेरचा डांबरी रस्ता उन्हाने पांढरा झाला होता. घर सहा मैलांवर. झारी रिकामी, पोतं कोरडं, आणि डावा पाय पुन्हा कुठे तरी निघून गेलेला. यजमानांनी कागद दोनदा वाचला, घडी केली, पुन्हा उघडून वाचला.

"आता?" ते म्हणाले.

"आता ऊन उतरेपर्यंत बसाचं," मी म्हटलं. "घाई कायची हाय? एकतीस मे एकोणीसशे सदुसष्टपर्यंत वेळ हाय आपल्यापाशी."